गेनूतात्यांचा रस्ता

गेनूतात्या मला आठवतात ते आधी कानांनी. धप्प, मग श्वासाएवढी उसंत, मग पुन्हा धप्प. मुरुमावर पडणाऱ्या धुम्मसाचा तो आवाज दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे माझ्या खोलीच्या मागच्या खिडकीतून आत येत राहिला. जमीन ठोकून बसवण्याचे ते अवजार त्यांनी परसातल्या पडलेल्या जांभळाच्या बुंध्यातून स्वतः काढले होते. खाली जाड ओंडका, वर दोन्ही हातांनी धरायचा आडवा दांडा. ठोका पडला की त्यांच्या छातीतून एक बारीक हुंकार निघे आणि दमट मातीचा तांबूस, किंचित लोखंडी वास खिडकीच्या गजांपर्यंत चढून येई. वह्या तपासताना माझ्या लाल शाईच्या रेघा नकळत त्या ठोक्यांच्या तालावर पडू लागत.

हिर्डोशीच्या अलीकडच्या एका वाडीत, माध्यमिक शाळेवर मराठी शिकवायला मी गेले, तेव्हा राहायला मिळालेली खोली डांबरी रस्त्याला लागून होती. खोलीच्या मागे जमीन एकदम खाली उतरत असे आणि त्या उताराच्या पायथ्याशी तात्यांचे घर होते. वरून मला शेवाळलेली कौले दिसत, सारवलेले अंगण दिसे, आणि दारातच हातमशीन मांडून बसलेली सुनंदा दिसे. सुनंदा ही तात्यांची धाकटी लेक, चौतिशीची. लहानपणीच्या एका तापात तिचे दोन्ही पाय गेले होते. थोरली वेल्ह्याकडे दिलेली, आई वारलेली. घरात ही दोघेच. घराच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत सत्तर पावलांची पायवाट होती, आणि ती पायवाट सुनंदा आयुष्यात एकदाही आपल्या बळावर चढलेली नव्हती.

आठवड्यातून दोनतीनदा तात्या तिला पाठीवर घेऊन वर येत. त्या वेळी ते सत्तरीच्या पुढे गेले होते. अंगाने शिडशिडीत, पिंढऱ्या मात्र वळलेल्या दोरखंडासारख्या. सुनंदा त्यांच्या गळ्यात हात घालून बसे, पावसाळ्यात दोघांवर मिळून एक छत्री धरी, आणि निघण्याआधी त्यांच्या खांद्यावर बोटाने दोनदा टकटक करी.

“डबल बेल दिली, सोडा गाडी.”

“पुढं सरका, पुढं सरका. मागं लई जागा हाय,” तात्या म्हणत आणि चढू लागत.

निम्म्यात त्यांचा श्वास फुलला की ही वरून विचारी, “गाडी गरम झाली का काय? पानी टाकायचं?”

“डायवरसंगं बोलू न्हाई. पाटी वाचली न्हाई व्हय?”

हा संवाद मी किती वेळा ऐकला असेन! दर वेळी शब्द तेच असत आणि दर वेळी दोघेही नव्याने हसत. पण वर पोचल्यावर तात्या तिला खाली ठेवत, मग माझ्या भिंतीला पाठ टेकून उभे राहत. त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसे.

माझ्या भिंतीलगत सुनंदाची बॅटरीवरची तीनचाकी गाडी प्लास्टिकखाली झाकलेली असे. एका शिबिरात ती तिला मिळाली होती. गाडी खाली नेण्यासारखी वाट नसल्यामुळे ती वरच राही, आणि तिची बॅटरी माझ्या खोलीतल्या बटणावर चार्ज होई. सुनंदा गाडीत बसून डांबरी रस्त्याने फाट्याकडे निघाली की तात्या मागून चालत जात, आणि ती परत आली की पुन्हा तिला पाठीवर घेऊन खाली उतरत. एकदा बॅटरीची वायर ओढून देताना मी तिला सहज विचारले, की ही गाडी खाली दारात असती तर तू कुठे गेली असतीस.

“कुठं बी, बाई,” ती म्हणाली. “निस्तं फाट्यापत्तोर. जायाचं, एक च्या प्यायचा, माघारी यायचं. घरातनं निघायचं आन् घरात यायचं. मधी कुणाची पाठ नको.”

तात्या पलीकडे कौलाच्या सावलीत बसले होते. त्यांनी ऐकले की नाही ते मला कळले नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या दारात आले, उंबऱ्याबाहेरच उकिडवे बसले आणि म्हणाले, “बाई, माजी पाठ हाय तवर हाय. उद्या पाठ गेली, तर पोरगी त्या दारातनं भाईर येनार कशी? आपल्याला गाडी दारात न्यायची. म्या रस्ता करतो.”

गेनूतात्यांनी रस्ता करतो म्हणावे, याचे त्या खोऱ्यात कुणाला नवल वाटले नाही. कारण जमिनीच्या बाबतीत त्यांचा शब्द मोठा होता. भाताच्या खाचरात पाणी सगळीकडे सारख्या उंचीने उभे राहावे लागते. एक कोपरा उंच राहिला तर तिथले रोप वाळते, एक खोल गेला तर तिथले कुजते. तात्या नुसते बांधावर उभे राहून, एक डोळा बारीक करून सांगत, की अमुक कोपरा दोन बोटे वर आहे. मग खाचरात पाणी सोडले की त्यांचे म्हणणे खरे ठरे. पार वेल्ह्याच्या बाजूची माणसे डोंगर फोडून नवी खाचरे काढताना त्यांना बोलावून नेत. चहा ते बशीत ओतून घेत, काठोकाठ. आणि ती बशी ओठाकडे नेताना चहाच्या पृष्ठभागावर सुरकुतीसुद्धा उमटत नसे. माझ्या खोलीत ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहण्याआधी माझ्या टेबलाकडे पाहिले. “डाव्या अंगाला कललंय,” म्हणाले. मी हसले, तर त्यांनी माझ्याच ताटात पाणी ओतून ते टेबलावर ठेवले. पाणी डाव्या काठाला आले होते. पुठ्ठ्याची घडी पायाखाली सारेपर्यंत त्यांना चैन पडले नाही. कुठलाही वाद निघाला की ते म्हणत, “पान्याला इचारा.” त्यांच्या दृष्टीने यापुढे बोलण्यासारखे काही उरत नसे.

आधी त्यांनी एका ठेकेदाराला बोलावून पाहिले. त्याने वरून खाली नजर टाकली, काँक्रीटचा आकडा सांगितला. तात्यांनी त्याला चहा पाजला आणि फाट्यापर्यंत पोचवून आले. मग दिवाळी झाल्यावर त्यांनी स्वतःच कुदळ घेतली. दगड शेतातले. मुरूम घरामागच्या टेकाडाचा. शाळेची एक जुनी खोली पाडली होती, तिच्या विटांचा चुरा आणि फुटकी कौले उचलून न्यायला मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. भोरमधल्या पाडकामाचा राडारोडा सलीमभाई आपल्या टेम्पोतून आणून टाकीत. सलीमभाई भोरचेच, पन्नाशीचे. पूर्वी रस्त्याच्या कामांवर रोलर चालवलेला. या बाजूला सिमेंटच्या गोण्या पोचवायच्या असल्या, की जाता जाता राडारोड्याचा एक ढीग ते तात्यांसाठी उतरवून जात. भाडे विचारले तर म्हणत, “सुनंदानं माझ्या पोरीच्या लग्नात रात्रीत बारा ब्लाउज शिवून दिले, तवा भाडं इचारलं व्हतं का कुनी?”

सरळ चढ गाडीला झेपणार नव्हता. म्हणून तात्यांनी उताराला दोन वळणे दिली आणि वाटेचे तीन लांब टप्पे केले. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर चढायला थोडीशी चढण. प्रत्येक दगड बसवण्याआधी ते तो डबक्यात बुडवून धूत. धुतलेल्या दगडावरून हात फिरवून त्याची बसायची बाजू शोधत. काम चालू असताना ते एक शब्द बोलत नसत. बोलायची ती सुनंदा, दारातून, मशीनचे चाक फिरवता फिरवता.

“तात्या, कालच्याला जितं व्हतात तितंच हायसा. रस्ता कराय लागलाय का मूर्ती घडवाय?”

“तात्या, त्यो धोंडा आता लाजंल. किती अंग चोळताय त्याचं!”

माघ सरता सरता पहिला टप्पा झाला. मी तो पाहायला खाली उतरले. एखाद्या सुगरणीने थापलेल्या भाकरीसारखा तो सपाट होता, आणि त्याच्या दोन्ही कडांना तात्यांनी वीतभर उंचीचा, चोपून गुळगुळीत केलेला बांध घातला होता. त्या बांधाला कुठे बोट शिरेल एवढीही फट नव्हती. मला ते फार सुंदर वाटले. त्याच वेळी सलीमभाई टेम्पो रिकामा करून खाली आले, आणि कमरेवर हात ठेवून पाहतच राहिले.

“तात्या, रस्ता म्हशीच्या पाठीवानी पायजे,” ते म्हणाले. “मधी उंच, दोनी अंगाला उतरता. पाऊस पडला की पानी घसरून गेलं पायजे. तुमी तर दोनी कडंला बांध घातलाय. हितं पानी थांबनार.”

“चाक घसरलं तर बांध धरील.”

“मग सुटं धोंडं ठेवा, मधी फटी ऱ्हाऊ द्या. पानी जाऊ द्या की.”

तात्यांनी त्यांच्याकडे असे पाहिले, की जणू सलीमभाईंनी भरल्या ताटाला लाथ मारायला सांगितली होती. “पानी जाऊ द्यायचं?” ते म्हणाले. “सारा डोंगर तेच तर करतो. चार महिने पानी, आन् शिमग्याला हंडा घिऊन बायका कोसभर चालत्यात. ह्या हातानं जल्मभर पानी धरलंय, सलीमभाई. सोडाय न्हाई शिकलो.”

सलीमभाई आणखी काही बोलले असते. पण तात्यांनी धुम्मस उचलला होता. परत वर चढताना सलीमभाई मला म्हणाले, “बाई, तुमी सांगून बघा. तुमचं ऐकतील.” मी सांगितले नाही. मला रस्त्यातले काय कळत होते? आणि खरे सांगायचे तर, त्या सपाटीत मी एका कसलेल्या हाताची कविता वाचत होते, तिच्यात दोष असेल असे मनात आले नाही. आजही पाऊस जोराचा आला की हे आठवून मी अस्वस्थ होते.

वैशाखाच्या अखेरीस तिन्ही टप्पे पुरे झाले. चार माणसांनी मिळून गाडी खाली अंगणात नेली. सुनंदाने त्या दिवशी मोरपंखी साडी नेसली होती. पहिल्यांदाच ती आपल्या उंबऱ्यावरून, हातांवर सरकत, स्वतः गाडीत बसली. बटण दाबले. गाडी गुरगुरत पहिला टप्पा चढली, वळली, दुसरा, पुन्हा वळली, आणि माझ्या खिडकीसमोरून रस्त्यावर आली. तात्या मागे निघाले, तशी ती वळून ओरडली, “तुमी कुठं? हितंच थांबायचं!”

तात्या थांबले. तास-दीड तास ते रस्त्याच्या तोंडाशी उभे होते. मध्येच खाली बसून चांगला बसलेला दगड उपटून पुन्हा बसवीत. उठून वळणाकडे पाहत. पुन्हा तोच दगड उपटीत. मी चहा दिला, तो निवून गेला. अखेर वळणावर मोरपंखी ठिपका दिसला तेव्हा ते घाईने खाली बसले आणि त्या दगडात फार गुंतल्यासारखे दाखवू लागले.

सुनंदाच्या मांडीवर वर्तमानपत्राच्या पुडीत गरम भजी होती. “च्या प्याले,” ती म्हणाली. “एकलीच. हाटेलवाला म्हनला, संगं कोन हाय? म्हनलं, कुनी न्हाई.” तेलाचा आणि ओव्याचा तो वास, तिच्या कपाळावरची धूळ आणि घाम, आणि तात्यांनी भजे तोंडात टाकून दुसरीकडे वळवलेली मान, हे सगळे माझ्यापाशी अजून जसेच्या तसे आहे. अशी ती नऊ वेळा गेली. नऊ हा आकडा तिचाच. ती मोजत होती.

आमच्या त्या भागात पाऊस लागतो तो पडत नाही, उभाच राहतो. आषाढात तीन दिवस समोरचा डोंगर दिसला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी मागची खिडकी उघडली, तेव्हा उतारावर तीन लांबट आरसे एकाखाली एक ठेवलेले दिसले. तात्यांचा एकही बांध फुटला नव्हता. एका थेंबालाही त्यांनी बाहेर जाऊ दिले नव्हते. पाणी तिन्ही टप्प्यांवर काठोकाठ, सारख्या उंचीने, अगदी शांत उभे होते, आणि त्याच्या तळाशी सहा महिन्यांचा मुरूम विरघळत होता. सुनंदाची गाडी पहिल्या टप्प्यात आसापर्यंत रुतली होती. चौघांनी ती ओढून वर आणली आणि पुन्हा माझ्या भिंतीला लावली.

तात्या पावसात, डोक्यावर पोते घेऊन, त्या पाण्याच्या काठाशी उभे होते. मी छत्री घेऊन गेले. “किती सारकं उभं ऱ्हायलंय बगा,” ते हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो आपल्याला वाटतो आहे याची शरमही.

सुनंदा त्यांना रागावली नाही. तिने रागवावे असे मला वाटत होते. तिने फक्त काही दिवस डबल बेल दिली नाही. मुकाट्याने पाठीवर बसे, मुकाट्याने उतरे.

दुसऱ्या हिवाळ्यात तात्यांनी सगळे उकरून काढले. मुरूम वाळवला, चाळला, पुन्हा भरला. सलीमभाई म्हणाले तशी मधे उंच, कडांना उतरती पाठ करायची असे त्यांनी ठरवले होते, आणि ते त्यांना जमेना. दिवसभर ठोकून ते मध्याला फुगवटा आणीत. सकाळी येऊन पाहिले तर डोळ्यांना तो वाकडेपणा सहन होत नसे, आणि ‘जरासं’ म्हणता म्हणता हात सगळे सपाट करून ठेवीत.

“तात्या, परत भाकरी झाली!” दारातून आवाज येई.

“व्हय की,” तात्या चकित होऊन म्हणत. “कसं झालं?”

शेवटी तोड सुनंदाने काढली. माझ्याकडून तिने पुस्तकांच्या खोक्याचे दोन मोठे पुठ्ठे मागून घेतले, जमिनीवर पसरले, खडूने एक कमान आखली आणि कात्रीने सरसर कापली. “ब्लाउजच्या पाठीचा गळा हाय ह्यो,” ती बापाला म्हणाली. “उलटा धरायचा. रस्त्यावर आडवा ठिवायचा आन् वडत न्यायचा. पुठ्ठ्याखाली जितं फट दिसंल तितं मुरूम टाका. तुमच्या डोळ्याला काय बी इचारू नका.”

तात्यांनी तसे केले. एक डोळा बारीक करायची जन्माची सवय मोडण्यासाठी ते कधी कधी दोन्ही डोळे मिटून पुठ्ठा ओढीत. तो उन्हाळा त्यांच्या चेहऱ्यावर फार उमटला. धुम्मसाच्या दोन ठोक्यांमधली उसंत लांबत गेलेली मला खोलीत ऐकू येई. उकरणे, वाळवणे यांतच महिने गेल्यामुळे काम पुरे व्हायला मृग आला. बांध काढले होते, कडेला सुटे दगड होते. गाडी खाली नेऊया असे मी म्हणाले, तर सुनंदाने मान हलवली. “औंदा ह्याला एक पाऊस बगू द्या. मग बसन.”

पाऊस आला, आणि रस्त्याने सांगितल्याप्रमाणे केले. पाणी म्हशीच्या पाठीवरून ओघळावे तसे मध्यावरून दोन्ही कडांना घसरले, दगडांच्या फटींतून निघाले. रस्ता कोरडा म्हणावा असा राहिला. मी खिडकीतून टाळ्या वाजवल्याचे मला आठवते. पण तिन्ही टप्प्यांवरून सुटलेले ते पाणी खालीच जाणार होते, आणि खाली तात्यांचे घर होते. पाणी काढून ओढ्यापर्यंत न्यायला चर खणावा लागतो, हे मुलखाची खाचरे सारखी करणाऱ्या त्या माणसाच्या मनातच आले नव्हते. सोडलेल्या पाण्याची जबाबदारी कधी त्याच्यावर आलीच नव्हती. त्याने ते कधी सोडलेच नव्हते.

दुसऱ्या सकाळी मागून सुनंदाची हाक ऐकू आली. मी धावले. तांबडे पाणी अंगणातून उंबरा ओलांडून आत शिरत होते. सुनंदा जमिनीवर बसून कापडांची गाठोडी डोक्याच्या वर धरून होती. लोकांची कापडे, लग्नसराईतली राहिलेली, गणपतीसाठी आलेली. मशीन निम्मे पाण्यात होते. आणि तात्या वर, पहिल्या वळणावर, ओणवे होऊन चिखलाचे गोळे दगडांच्या फटींत कोंबत होते. मी त्यांना हाका मारल्या. त्यांनी मान वर केली नाही. इतक्या भराभर चाललेले त्यांचे हात मी दोन वर्षांत पाहिले नव्हते. त्या कामाला त्यांना पुठ्ठा लागत नव्हता. दगडावर दगड, दगडावर चिखल, वर मुठीची थाप. बांध वाढत गेला, फटी बुजत गेल्या, आणि घटकाभरात पाणी घराकडे यायचे थांबले. ते वरच, रस्त्यावर, साठू लागले.

शेवटच्या टप्प्याच्या कोपऱ्यावर एक मोठा दगड उचलताना तात्या तसेच अर्धे वाकलेले राहिले. मला वाटले, काही पाहत आहेत.

“बाई,” ते म्हणाले, “जरा धरा मला. सरळ व्हता येईना.”

भोरच्या डॉक्टरांनी फोटो काढून मणक्यावर बोट ठेवले आणि सांगितले, की यापुढे घागरसुद्धा उचलायची नाही. सलीमभाईंनी टेम्पोत गादी घालून त्यांना परत आणले, आणि वरून खाली चौघांनी झोळी करून नेले. सुनंदा दारात बसून ती झोळी उतरताना पाहत होती. त्या दिवसापासून ती वर आली नाही. कुणी कुणी म्हणाले, आम्ही उचलून आणतो. “बापाची पाठ येगळी,” ती म्हणाली. “परक्याच्या पाठीवर बसून च्या प्याला जायाचं?” माझ्या भिंतीशी तिची गाडी उभी होती. बॅटरी मी महिन्यातून एकदा चार्ज करीत असे. पुढे ती चार्ज घेईनाशी झाली.

दिवाळीनंतर सलीमभाई दोनदा येऊन गेले. चर खणू, पाइप टाकू, आपण करू, असे म्हणाले. तात्या त्यांना चहा देत आणि विषय पिकापाण्याकडे नेत. तिसऱ्यांदा त्यांनी हात जोडले. “रस्त्याला माज्या हातचं पानी लागलंय, सलीमभाई. ऱ्हाऊ द्या आता.”

पुढच्या आषाढात माझी बदली झाली. सामान टेम्पोत चढले, आणि निरोप घ्यायला मी मागच्या वाटेने खाली निघाले. पाऊस भुरभुरत होता. रस्त्याच्या जागी आता फक्त कडेचे दगड धरून चालायचे होते, कारण तिन्ही टप्प्यांवर गुडघ्याखाली येईल एवढा मऊ चिखल होता, आणि वरच्या दोन टप्प्यांत भाताची ताजी लावणी झालेली होती. पोपटी रोपे ओळीने उभी होती. पाण्यात ढग होते. वाडीतल्या बायकांनी येऊन लावून दिली, असे मला नंतर कळले. जमीन एवढी सारखी, पाणी एवढे बेताचे, की रिकामी ठेवणे कुणालाच बरे वाटले नसते.

खालच्या, दारासमोरच्या टप्प्यात सुनंदा होती. ती चिखलात बसली होती, निर्जीव पाय पुढे पाण्याखाली पसरलेले, साडी कमरेपर्यंत भिजलेली. तिच्यामागे अंगणाच्या कडेला तात्या, पाठीला पट्टा बांधून, ताठ, खुर्चीत बसले होते. मांडीवर रोपांच्या जुड्या. तिचा हात मागे आला की ते एक जुडी तिच्या तळव्यावर ठेवीत. ती चारदोन रोपे वेगळी काढी, अंगठ्याने चिखलात खोची, ओळ पुरी करी. मग दोन्ही तळवे चिखलात रोवून अंग उचली आणि वीतभर मागे सरके. लावणी अशीच करतात, उलट्या पावली. तिचे तोंड वर, डांबरी रस्त्याकडे होते.

“निघालात, बाई?” ती म्हणाली.

“निघाले.”

“तितं चांगला रस्ता असंल.”

तात्यांनी मान हलवून मला बसायची खूण केली. पण वर टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला होता. मी दोघांना नमस्कार केला. तात्यांचे हात ओल्या रोपांनी भरलेले होते, त्यांनी नुसते डोळे मिटून तो घेतला.

वळणावर थांबून मी एकदा मागे पाहिले. सुनंदा आणखी एक ओळ लावून मागे सरकली होती. तिच्या आणि अंगणाच्या मध्ये आता दोनतीन ओळींचीच जागा उरली होती. तात्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत, दोन्ही हातांनी धरून, आपले पाय हळूहळू एका बाजूला घेतले, तिला आत यायला वाट व्हावी म्हणून.